समोरच्याचा डिपर

आश्विन सरत आला की धनजच्या शिवारात सगळी कामं एकदमच अंगावर येतात. सोयाबीन सोंगून गंजी लागलेली असते, थ्रेशरचा नंबर रात्री-बेरात्री लागतो, कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली असते आणि हरभऱ्यासाठी रान मोकळं करायची घाई असते. दिवसभर शेतात पांगलेलं हे सगळं दिवेलागणीला रस्त्यावर येतं. पोत्यांनी भरलेली ट्रॉली, कुटाराची बंडी, वेचणीच्या बायांना घरी आणणारा ऑटो, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवलेली मोटारसायकल, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन डांबराच्या कडेनं चालणारा माणूस. त्याच वेळी, त्याच रस्त्यावरून, अमरावतीहून मी घरी परतत असतो.

धनज बुद्रुक हे वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्याचं, अमरावती जिल्ह्याच्या हद्दीकडचं गाव. मी अमरावतीला एका महाविद्यालयात शिकवतो आणि गेली सोळा वर्षं रोज जाऊन-येऊन करतो. आधी एसटीनं, मग मोटारसायकलनं, आता कारनं. या सोळा वर्षांत रस्ता दोनदा रुंद झाला, तीनदा उखडला. संताप मात्र दरवर्षी वाढतच गेला. घरी आल्यावर चहाचा कप हातात घेताना बोटं थरथरायची आणि बायको विचारायची, ‘‘आज कोण भेटलं?’’ कोणी ना कोणी भेटलेलंच असायचं. वळणावर ओव्हरटेक करणारा, मागे चिकटून सलग हॉर्न वाजवणारा, राँग साइडनं फाट्यापर्यंत येणारा, आणि सगळ्यांत जास्त वेळा, समोरून अप्पर मारत येऊन तो खाली न करणारा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधीची संध्याकाळ. गावाच्या अलीकडच्या वळणावर समोरून एक कार आली. तिचा पांढराफेक उजेड काचेवर पसरला आणि पुढचा रस्ता पुसला गेला. मी एकदा अप्पर-डिपर केलं, दोनदा केलं. उत्तर नाही. चिडून मीही अप्पर लावला आणि तसाच ठेवला. ती कार सुसाट निघून गेली, डोळ्यांपुढे हिरवी-जांभळी वर्तुळं राहिली, आणि त्या वर्तुळांच्या मधून अचानक पोती दिसली. ट्रॉलीत रचलेली, अगदी समोर. ब्रेक लागला तेव्हा माझं बोनेट आणि ट्रॉलीची मागची फळी यांच्यात हातभर अंतर होतं.

ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रेडियम नव्हतं, काही नव्हतं. ट्रॅक्टरवरून एक पोरगा उतरून धावत आला. विशीचाही नसेल. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तोच म्हणाला, ‘‘सर, लागलं तं नाही ना? मले त्या गाडीनं काहीच दिसू देलं नाही. डोयासमोर अंधारीच आली, म्हणून थांबलो जाग्यावर.’’

म्हणजे त्याला दिसत नव्हतं म्हणून तो थांबला, आणि मला दिसत नव्हतं तरी मी जात राहिलो. त्या रात्री मी त्याच्यावर ओरडू शकलो नाही. ट्रॉली त्याच्या मालकाची होती आणि दिवा बसवायचं मालक दोन हंगाम पुढे ढकलत होता, हेही त्यानं सांगितलं. पण त्याच्या बोलण्यापेक्षा मला दुसरंच टोचत राहिलं. त्या शेवटच्या काही सेकंदांत माझ्या गाडीचा अप्पर चालूच होता. समोरून येणाऱ्या त्या कारवाल्याच्या घरी त्या रात्री ‘आज कोण भेटलं’ असं कोणी विचारलं असेल, तर उत्तरात मी असणार.

तेव्हापासून हे वर्षभर मी या रस्त्यावर विचारत फिरलो आहे. एसटीच्या चालकांना, ट्रकवाल्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना, हेडलाइटचे बल्ब बदलून देणाऱ्या दुकानदारांना. संतापाचं कारण समजून घ्यायचं होतं, कारण नुसता संताप करून सोळा वर्षांत काही झालं नव्हतं.

सुरुवात दिव्यापासून करतो. जुन्या गाड्यांत जो हॅलोजन बल्ब असतो त्याच्यात दोन तारा असतात, एक अप्परची ६० वॅटची आणि एक डिपरची ५५ वॅटची. त्याच्यामागचा चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर, त्या तारांच्या नेमक्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. डिपरची तार अशी बसवलेली असते की उजेड खाली आणि डावीकडे पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये. आता बाजारात मिळणारा एलईडी बल्ब त्याच खोबणीत बसतो खरा, पण बऱ्याचदा त्याचा उजेड त्या नेमक्या बिंदूतून निघत नाही. वाडगा जुना आणि उजेडाची जागा नवी, त्यामुळे किरण वाट्टेल तिकडे फुटतात. गाडीवाल्यानं प्रामाणिकपणे डिपर लावलेला असला तरी समोरच्याला तो अप्परच वाटतो. मग समोरचा चिडून खरा अप्पर मारतो. भांडणाची सुरुवात कुणीच न करता भांडण लागलेलं असतं.

अमरावतीच्या एका दुकानदारानं मला सांगितलं की गिऱ्हाईक बल्ब घेताना एकच विचारतं, ‘‘किती दूर मारते?’’ उजेड कुठे पडतो हे कुणी विचारत नाही. ट्रॉलीत पाच क्विंटल जास्तीचा माल भरला तरी हेडलाइटचं तोंड वर उचललं जातं. कारच्या डिकीत दिवाळीचं सामान आणि मागच्या सीटवर तिघं बसले तरी तसंच होतं. बऱ्याच कारमध्ये स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला हेडलाइटचा कोन खाली करायचं छोटं चाक असतं. माझ्या गाडीत ते होतं आणि चार वर्षं मी त्याला हात लावला नव्हता.

डोळ्यांचं शास्त्रही क्रूर आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की नीट दिसायला पुन्हा काही सेकंद लागतात. वय वाढलं की ते सेकंद वाढतात, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. चार-पाच सेकंद दिसलं नाही म्हणजे सत्तर-ऐंशी मीटर रस्ता डोळे मिटून पार केला. धनजच्या वळणावर सत्तर मीटरमध्ये दोन बंड्या, एक सायकल आणि उन्हात वाळवून ढिगारा केलेलं कुणाचं तरी सोयाबीन एवढं सगळं मावतं. जुने चालक एक युक्ती सांगतात, ती खरी आहे: समोरच्या दिव्याकडे पाहायचं नाही, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. पण आमच्या रस्त्यावर ती पट्टी काही ठिकाणी डांबरासकट काळ्या मातीत गेलेली आहे.

ही काळी मातीही गुन्ह्यात सामील आहे, हे मला एसटीच्या एका चालककाकांनी समजावलं. कारंजा बसस्थानकावर गाडी लावून ते चहा पीत होते. मी त्यांना जरा तक्रारीच्याच सुरात विचारलं की काका, तुमच्या गाड्या मोटारसायकलवाल्याला साइड का देत नाहीत? ते रागावले नाहीत. म्हणाले, आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, म्हणून डांबराची कड तुटते आणि साइडपट्टी वीतभर खाली बसते. कारचं चाक खाली उतरलं तर गाडी हादरते. पन्नास माणसं भरलेल्या बसचं चाक उतरलं तर बस कलते, आणि ते चाक घाईनं वर घ्यायला गेलं तर बस आडवी होते. ‘‘मी साइड देत नाही असं तुम्हाले वाटते. मी मागं उभे असलेल्या बायामाणसांचा विचार करत असतो.’’ सोळा वर्षांपूर्वी मी याच रस्त्यावर त्यांच्यासारख्यांच्या मागे दांड्याला धरून उभा असायचो. कार घेतल्यावर मला ते विसरायला झालं होतं.

दुसरी गोष्ट एका ढाब्यावर कळली आणि तिनं मी खरोखर हादरलो. ट्रकच्या मागे असताना ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो, तेव्हा त्याचा अर्थ काय? मी सगळ्यांना हा एकच प्रश्न विचारला. एका ट्रकवाल्यानं सांगितलं, पुढं रस्ता मोकळा आहे, काढ गाडी. दुसरा म्हणाला, समोरून गाडी येत आहे, निघू नको. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मी उजवीकडे शेतात वळतोय. एकाच पिवळ्या दिव्याचे तीन अर्थ, त्यांतला एक जीव वाचवणारा आणि एक जीव घेणारा. दिव्याची उघडझापही तशीच. इंग्लंडात समोरच्यानं हेडलाइट मिचकावला तर बहुतेकदा तो ‘तुम्ही या’ म्हणत असतो. आपल्याकडे तो ‘मी येतोय, तू थांब’ असतो. चारी इंडिकेटर एकदम लावणं हे खरं तर गाडी बंद पडून उभी असल्याची खूण. आपल्याकडे फाट्यावर ‘मला सरळ जायचंय’ हे सांगायला ते लावतात आणि धुवाधार पावसात चालत्या गाडीला लावतात. मग मागच्याला उभी गाडी कोणती आणि धावती कोणती ते कळत नाही. ट्रकांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली बंदी घातली, कारण ते वाक्य हॉर्नला आमंत्रण देत होतं. वाक्य पुसलं गेलं, हॉर्न राहिला.

रस्त्यावर आपण एकमेकांचा चेहरा पाहत नाही, नाव विचारत नाही, आवाज ऐकत नाही. बोलायला दोन दिवे, दोन इंडिकेटर आणि एक भोंगा एवढीच बाराखडी आहे, आणि तिचेही अर्थ गावागणिक वेगळे. माझ्या सोळा वर्षांच्या संतापातला मोठा वाटा हा न समजलेल्या बोलण्याचा होता, असं मला आता वाटतं. सगळा नव्हे. वळणावर ओव्हरटेक करणाऱ्याचं बोलणं मला पूर्ण समजतं. तो म्हणतो, माझी पाच मिनिटं तुझ्या जिवापेक्षा मोलाची.

ती पाच मिनिटं मी मोजून पाहिली. वीस किलोमीटरचं अंतर ६० च्या वेगानं वीस मिनिटांत आणि ८० च्या वेगानं पंधरा मिनिटांत कापलं जातं. त्यासाठी काय पणाला लागतं? समजा पुढे ५० च्या वेगानं ट्रक चालला आहे आणि मी ७० च्या वेगानं त्याला मागे टाकतोय. मागचं अंतर, ट्रकची लांबी, पुढे परत आत शिरायची जागा मिळून मला ट्रकपेक्षा पंचावन्न मीटर जास्त जायचं आहे. वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत मी १९५ मीटर जातो. समोरून ८० नं येणारी गाडी २२० मीटर येते. एकूण ४१५ मीटर मोकळा रस्ता लागतो. रात्री एवढ्या लांबून दोन ठिपके दिसतात, त्यांचा वेग दिसत नाही. आणि ती गाडी ८० ऐवजी ११० नं येत असेल तर तिला ३०५ मीटर लागतात, म्हणजे माझ्या अंदाजात ८५ मीटर कमी पडले.

११० नं येणारी गाडी आमच्या दोन पदरी रस्त्यावर येते कुठून? कारंजा इंटरचेंजवरून.

समृद्धी महामार्ग, नागपूर ते आमणे, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला. वाशिम जिल्ह्यात त्याला कारंजा, शेलू बाजार आणि मालेगाव इथे उतरण्याच्या जागा आहेत. सपाटीवर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. मी त्या रस्त्याच्या विरोधात नाही. आईला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा त्याच रस्त्यानं गेलो आणि मनात त्याचे आभार मानले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या अनेकांनी मोबदल्यातून घर बांधलं, कुणी दुसरीकडे शेत घेतलं. पण त्या रस्त्यावर दुचाकीला, तीनचाकीला, ट्रॅक्टरला बंदी आहे. म्हणजे ज्याच्या वावरातून तो गेला त्याच्या घरी मोटारसायकल असेल तर त्याला त्यावर जाता येत नाही. तो खालच्या बोगद्यातून आपल्या उरलेल्या वावरात जातो आणि पूर्वीच्याच रस्त्यानं बाजाराला जातो. महामार्गावर ही बंदी योग्यच आहे, १२० च्या वेगात मोटारसायकल म्हणजे मरण. माझं दुखणं पुढचं आहे. वरचा वेग वरच राहत नाही.

तासभर १२० नं गाडी चालवली की डोळ्यांना तो वेग सवयीचा होतो. मानसशास्त्रात याचा बराच अभ्यास झालेला आहे: बराच वेळ वेगात चालवून हळू व्हायला सांगितलं की माणूस स्वतःला वाटतं त्यापेक्षा जास्तच वेगात राहतो. टोलनाक्याचा दांडा वर जातो, गाडी खाली उतरते, आणि चालकाला ८० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. पाय जड झालेला असतो. आमच्याकडे पोरं त्याला ‘समृद्धीचा पाय’ म्हणू लागली आहेत. तो पाय घेऊन माणूस त्या रस्त्यावर येतो जिथे बंडी ताशी चार किलोमीटरनं चालली आहे, मेंढरांचा कळप रस्ता ओलांडतो आहे, आणि कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूला रात्री रोही आणि काळवीट डांबरावर उभे असतात. त्याला वाटतं, ही माणसं रस्ता अडवतात. बंडीवाल्याला वाटतं, हा मारायला आला. दोघंही आपापल्या वेगाच्या हिशेबानं बरोबर असतात आणि रस्ता एकच असतो.

खुद्द महामार्गावर काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ, सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्यांची गाडी मागून ट्रकवर आदळली, १२ जण गेले. देशभराचा हिशेब पाहिला तर २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. दर पाच अपघातांतला एक मागून धडकण्याचा होता. गेलेल्यांत दुचाकीवरचे सर्वांत जास्त, शंभरात चव्वेचाळीस. हे आकडे वाचले तेव्हा मला ती पोत्यांची रास आठवली आणि हातभर अंतर आठवलं.

मागून धडकण्यावरून त्या ढाब्यावरच्या एका ट्रकवाल्यानं मला एक हिशेब ऐकवला. त्याच्या दहाचाकी गाडीचं मालासकट कायदेशीर वजन २०१८ पासून २८.५ टन, आधी २५ होतं. माझी कार भरून दीड टन. ‘‘तुम्ही लोक मले ओव्हरटेक करता अन् लगेच समोर घालता. पुढं कुत्रं आलं की ब्रेक मारता. तुमची गाडी थांबते भाऊ, माही कशी थांबन?’’ तो पुढच्या गाडीपासून मुद्दाम लांब अंतर ठेवतो, आणि त्या अंतरात दर वेळी एखादा कारवाला जागा रिकामी समजून घुसतो. मीही घुसलो आहे. ती जागा रिकामी नसते, त्याच्या ब्रेकची असते, हे मला कुठल्याच ड्रायव्हिंग स्कूलनं सांगितलं नव्हतं.

कायदा नाही असं नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत समोरून वाहन येत असताना अप्पर वापरू नये, मागचा ओव्हरटेक करत असेल तर आपला वेग वाढवू नये, हे स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न देण्याला कायद्यात दहा हजारांचा दंड आहे. काही महामार्गांवर कॅमेरे आहेत, ते वेग मोजतात. पण धनजच्या वळणावरचा अप्पर कोण मोजणार? तिथे मी आणि समोरचा, दोघंच असतो.

माझे आजोबा कारंज्याला जायचे ते शकुंतला रेल्वेनं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही इंग्रजांच्या काळातली नॅरोगेज, कापसासाठी टाकलेली, कारंज्यावरून जायची. इथून बंडीनं स्टेशन गाठायचं आणि मग त्या डब्यात बसून तास न् तास. आजोबा सांगायचे की चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं खाली उतरून बोरं वेचून परत चढत. आता रूळ गवतात आहेत. त्या वेगाला परत जायचं असं मी म्हणत नाही, पण आजोबांच्या प्रवासाच्या गोष्टींत शेजारी बसलेल्या माणसाचं नाव असायचं, गाव असायचं, त्याच्या मुलीचं लग्न कुठे जमलं ते असायचं. माझ्या गोष्टींत फक्त गाडीचा नंबर असतो, तोही अर्धाच दिसलेला.

आजोबांच्या बंडीखाली, आसाला, रात्री कंदील टांगलेला असे. बैलांना त्याचा काही उपयोग नव्हता, त्यांना वाट पाठ होती. तो मागून येणाऱ्यासाठी होता. रॉकेल महागलं, मग मिळेनासं झालं, कंदील गेले, आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. बंडी तशीच काळोखात चालत राहिली आणि मागून येणाऱ्याचा वेग वीसपट झाला.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी परतत होतो. डिपरवर होतो, पन्नासच्या आत. वळणावर उजेडात एकदम चार सोनेरी टोकं चमकली. काय आहे ते कळेना, पाय आपोआप ब्रेकवर गेला. आमच्या गल्लीतल्या काकांची बंडी समोरून येत होती आणि बैलांच्या शिंगांवरची पोळ्याची बेगड चमकत होती. मी शेजारी गाडी थांबवून म्हटलं, ‘‘काका, बेगड काढू नका.’’ ते हसले, ‘‘पाऊस आला की निघून जाते लेका.’’ आणि बंडी पुढे गेल्यावर मी आरशात पाहिलं. मागून ती दिसतच नव्हती.

त्याच आठवड्यात कारंज्याहून लाल आणि पांढऱ्या रेडियमच्या पट्टीची गुंडाळी आणली. दोन इंच रुंद, महाग नाही. गल्लीतल्या बंड्या मोजल्या, अकरा भरल्या. संध्याकाळी बैल सोडल्यावर एकेकाच्या अंगणात जाऊन मागची फळी ओल्या फडक्यानं पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर पट्टी धरत नाही, आणि मग आडवी लावायची. धुळीनं ती महिन्याभरात मंद होते, पुन्हा पुसावी लागते. तो ट्रॅक्टरवाला पोरगाही आला होता. मालकानं अजून दिवा बसवलेला नाही, पण ट्रॉलीच्या फळीवर त्यानं स्वतः दोन पट्ट्या लावल्या आणि उरलेला तुकडा मागून घेऊन मोटारसायकलच्या मडगार्डवर चिकटवला.

दहा बंड्या झाल्या. अकरावीचे मालक थ्रेशर संपल्यावर लेकीकडे दारव्ह्याला गेले आहेत, भाऊबीज करूनच येतील. त्यांची बंडी घराच्या आडोशाला झाकून ठेवली आहे आणि पट्टीचा हातभर तुकडा माझ्या डॅशबोर्डच्या खणात आहे.